काकाकुवा केवढ्याला पडला

१ जानेवारी १९७४

ही डायरी कचेरीतल्या लोकांनी निरोप समारंभात दिली. शाल आणि नारळही दिला. नारळाची चटणी झाली, शाल कालिंदीने ट्रंकेत टाकली, राहिली डायरी. एकतीस वर्षे दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारले, आता आपल्या स्वतःच्या आयुष्यावर मारून बघावेत.

काल संध्याकाळपर्यंत मी पन्हाळ्याचा मामलेदार होतो. प्रभारी होतो, पण तो शब्द पगारपत्रकात असतो, लोक रावसाहेबच म्हणतात. आज सकाळी शिवाजी पेठेतल्या घरातून दूध आणायला बाहेर पडलो तर कोपऱ्यावर सयाजी भेटला. हा लहानपणी माझ्याबरोबर विटीदांडू खेळलेला, आता आमच्या गल्लीतल्या तालमीचा कारभारी आहे. म्हणाला, "काय तात्या, सुटलासा म्हणं एकदाचं?" जसा काही मी बिंदू चौकातल्या तुरुंगातून आलो होतो. दूधवाल्याने तर मला रांगेत उभे केले. मी आजवर रांगा लावल्या, रांगेत उभा राहिलो नव्हतो.

घरी आलो तर कालिंदी पुढच्या सोप्यात टेप घेऊन मोजमाप करत होती. मुरगूडला होतो तेव्हा तिने बालवाडीचा कोर्स केला होता. मग माझी बदली झाली, मग परत झाली, नंदिनीचे शिक्षण आले, तिचे लग्न होऊन ती सांगलीला गेली, आणि बालवाडी राहिली ती राहिलीच. "रिटायर झालो की सोपा तुझा," असे मी तिला म्हणालो होतो हे खरे आहे. सोप्याला शहाबादी फरशी घालायची म्हणून पोस्टात पैसेही बाजूला काढलेत. जूनमध्ये शाळा सुरू करायची म्हणते.

"फरशीवाल्याला कधी बोलवायचं?" तिने विचारले.

"विषय विचाराधीन आहे," मी म्हणालो.

ती हसली. तिला वाटले मी थट्टा करतोय.

९ जानेवारी

आमच्या जुन्या प्रांतसाहेबांना भेटून आलो. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली, वहिनी गेल्यापासून एकटेच असतात. पण रुबाब तसाच. फाटकातून आत गेलो आणि ओसरीवरचा हिरवा पोपट म्हणाला, "या साहेब, बसा!" आठ दिवसांत मला साहेब म्हणणारा हा पहिलाच प्राणी. आवाज जरा बायकी होता, प्रांताच्या पोपटाला शोभत नव्हता. तरी माझा ऊर भरून आला हे लपवून काय उपयोग? डायरी आपलीच आहे.

येताना रस्ताभर विचार केला. आपल्या घरीही असा आवाज पाहिजे. मात्र पोपट नको. पोपट म्हणजे चतुर्थ श्रेणी, कुणाकडेही असतो. मैना म्हणजे फार तर कारकून. काकाकुवा हा खरा राजपत्रित अधिकारी. लहानपणी सर्कशीत पाहिला होता. पांढराशुभ्र, डोक्यावर पिवळा तुरा, आणि तो तुरा मर्जी असेल तेव्हाच उभारणार. त्याने दारातून येणाऱ्याजाणाऱ्यासमोर मला "या रावसाहेब" म्हटले की पेठेची जीभ आपोआप वळेल. सयाजीचीसुद्धा.

२० जानेवारी

बाळासो गुळाचा ट्रक घेऊन मुंबईला जातो आणि येताना लोक सांगतील ते घेऊन येतो. रेडिओ, घड्याळ, एकदा एकाला म्हणे सुनेचं स्थळसुद्धा आणलं. त्याला काकाकुवाचे विचारले.

"मिळतंय की तात्या. पर पिल्लूच घ्या. मोठं घेतलासा तर पहिल्या मालकाचंच बोलणं बोलतंय. पिल्लू कसं, त्याच्या कानावर जे पडंल त्येच बोलणार. आनि जगतंय किती म्हाईत हाय काय? सत्तर-ऐंशी वर्सं!"

हे ऐकून मी हललोच. म्हणजे माझ्यामागे पन्नास-साठ वर्षे माझा आवाज ह्या घरात राहणार! राजेरजवाड्यांना पुतळे उभारावे लागतात, ते बोलतही नाहीत.

किंमत पिंजऱ्यासकट साडेचारशे. फरशीची रक्कम तात्पुरती वळवली. सरकारात पैसा एका शीर्षाखालून दुसऱ्या शीर्षाखाली नेहमीच जातो, त्यात गैर काही नसते. कालिंदीला तोंडी कळवले. ती एवढेच म्हणाली, "पिंजरा कुठं ठेवणार?"

"सोप्यातच. आल्यागेल्याला दिसायला नको?"

तिने टेप गुंडाळली आणि फडताळात ठेवून दिली. वस्तू जागच्या जागी ठेवण्याची तिला चांगली शिस्त आहे.

२ फेब्रुवारी

आला! गुळाच्या रिकाम्या पोत्यांवर बसून काकाकुवा आला. प्रवासाने चिकट झाला होता, माश्या घोंगावत होत्या, पण तुरा ताठ. ट्रक गल्लीत शिरेना म्हणून पिंजरा तालमीपासून हातांवर आणला, मागे सगळी गल्ली.

सयाजीने पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली. "तात्या, कितीला पडलं हे पांढरं कोंबडं?"

मी किंमत सांगितली.

"आयला! एवढ्यात खुराडंभर कोंबड्या आल्या असत्या की. रस्सा तरी झाला असता."

मी दुर्लक्ष केले. अधिकाऱ्याच्या पहिल्या दिवशी असल्या अर्जांची दखल घ्यायची नसते.

१२ फेब्रुवारी

लिहायला सवड नाही एवढी माणसे येताहेत! सकाळी दार उघडल्यापासून दिवे लागेपर्यंत सोपा भरलेला. कसबा बावड्याहून एक अख्खे कुटुंब आले, मुलाबाळांसकट, डबा घेऊन. निवृत्तीनंतर माणसाला कोणी विचारत नाही म्हणतात, ते साफ खोटे आहे. मी मध्ये आरामखुर्चीत बसतो, पन्हाळ्याचे अनुभव सांगतो. लोक पिंजऱ्याकडे बघत ऐकतात.

आपल्याकडे दारात आलेल्या पावण्याला चहाशिवाय पाठवत नाहीत, तेव्हा चहा तर आलाच. मी खुर्चीतून एक हाक मारतो, "कालिंदी, चहा टाक!" की पाच मिनिटांत कपबशा हजर. आज दुपारी जरा उशीर झाला म्हणून लोकांदेखत विचारावे लागले, "ऐकू येत नाही का?" रेशनची साखर चार दिवसांतच संपली, म्हणून ती आता गुळाचा चहा देते. मामलेदाराच्या घरी गुळाचा चहा! मी नाराजी कळवली. ती म्हणाली, "मग उद्यापासून नुसता पक्षी दाखवा, चहा नको." हे कसे शक्य आहे? लोक काय म्हणतील?

१८ फेब्रुवारी

परवा सयाजी आला आणि सोप्यात मांडी ठोकून बसला. "तात्या, पोरगं झालं की जेवण, गाडी घेतली की जेवण. पाखरू आणलंय, मग आमचं जेवण कुठं हाय?"

आमच्या पेठेत ह्याला नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणाऱ्याच्या घरावरून तालमीची पोरे तीन पिढ्या शिट्ट्या मारत जातात. काल तालमीत तांबडा-पांढरा रस्सा झाला. मटण त्यांनी शिजवले, पैसे मी दिले, भाकऱ्या कालिंदीने आणि आमच्या भांडी घासणाऱ्या अंबूबाईने भाजल्या. दोघींचे हात पोळले. मी दोन शब्द बोललो, पण लोक जेवणात होते.

जेवणानंतर सयाजी आणि कालिंदी तालमीच्या जिन्यापाशी बराच वेळ बोलत उभे होते. दोनदा माडीवर जाऊनही आले. भाकऱ्यांबद्दलच काहीतरी असणार.

७ मार्च

प्रशिक्षणाची प्रगती शून्य. रोज सकाळी सातला मी पिंजऱ्यासमोर उभा राहून "या रावसाहेब, या रावसाहेब" म्हणतो. पक्षी मान वाकडी करून माझ्याकडे बघतो, तुरा उभारतो, पुन्हा पाडतो, आणि पेरू खायला लागतो. बदली होऊन आलेला नवा कलेक्टर असेच करतो.

इतर गैरवर्तन पुढीलप्रमाणे. सूर्य उगवताना आणि मावळताना असा काही ओरडतो की तालमीतले पैलवान जोर काढता काढता थांबतात. अंगातून पांढरी भुकटी गाळतो, माझा काळा कोट पिठाच्या गिरणीत काम करणाऱ्याचा वाटतो. लाकूड दिसले की कुरतडतो. काल त्याला मोकळा सोडला होता, तर दारावरची माझी शिसवी पाटी गाठली. तिच्यावर नावाखाली "मामलेदार, निवृत्त" असे होते. तेवढी खालची ओळ खाल्ली. वरचे "हेरवाडकर" शिल्लक आहे.

दुपारी मी वामकुक्षी घेतो तेव्हा कालिंदी त्याच्याजवळ निवडण-टिपण घेऊन बसते. तो तिच्या खांद्यावर जाऊन तिच्या केसांत चोच घालतो आणि डोळे मिटतो. चारा घालणाऱ्याच्या पुढे पुढे करायचे, हा खालच्या कर्मचाऱ्यांचा स्वभावच असतो. मी मनावर घेत नाही.

२४ मार्च, पाडवा

ऐतिहासिक दिवस! गुढी उभारली, मी पेपर घेऊन बसलो, कालिंदी आत पुरण वाटत होती. आणि अचानक माझ्या पाठीमागून मीच ओरडलो,

"कालिंदी, चहा टाक!"

पेपर हातातून पडला. वळून बघतो तर काकाकुवा! तुरा उभारून, छाती पुढे काढून, अगदी माझ्यासारखा. पाच मिनिटांनी पुरणाच्या हातांनी कालिंदी कप घेऊन आली.

"मी सांगितला नव्हता," मी म्हणालो.

"आत्ता तर ओरडलात."

तेवढ्यात तो पुन्हा ओरडला. ती पिंजऱ्याकडे बघत राहिली. मी मात्र टाळ्या पिटल्या. शब्द आपण ठरवलेले नव्हते हे मान्य. पण आवाज! खरी नक्कल, सहीशिक्क्यासकट. जो चहा टाक म्हणू शकतो तो आज ना उद्या रावसाहेबही म्हणेल.

कप तिथेच राहिला आणि गार झाला.

३० मार्च

सकाळपासून त्याचे तेच चालू आहे. पहिले एक-दोन दिवस कालिंदी प्रत्येक वेळी उठली. कळत होते तिला की पाखरू आहे, तरी उठायची. एकदा तर पदराला हात पुसत अर्ध्या वाटेवर आली आणि तिथेच थांबली. अंबूबाई भांडी टाकून हसायला लागली. "वैनी, आता दोन मालक झालं तुमास्नी. एक पेपर वाचतोय, एक पेरू खातोय."

कालिंदी हसली नाही. जेवताना म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं मी तुमचं बोलणं ऐकत आले. मला वाटायचं, त्यात मधेमधे दुसरंही काही असतं. ह्या पाखरानं दोन महिने कान देऊन ऐकलं आणि त्याला तेवढंच मिळालं उचलायला."

मी तिला समजावले की पक्ष्याची ग्रहणशक्ती मर्यादित असते.

८ एप्रिल

आज सकाळी उठलो तर घर शांत. स्वयंपाक झाकून ठेवलेला, कालिंदी नाही. अंबूबाईला विचारले.

"वैनी तालमीत गेल्यात की. माडीवर पोरांची शाळा काढलिया न्हवं? बारकी पोरं गल्लीत उंडगत्यात, त्यास्नी धरून बसवायचं. बारापतूर येत्यात. तुमास्नी सांगिटलं न्हाय व्हय?"

सांगितले असेल. मला आठवत नाही. गेल्या आठवड्यात ती काहीतरी सांगत होती खरी, तेव्हा मी बावड्याच्या एका गृहस्थांना पन्हाळ्याची पाणीटंचाई समजावत होतो.

बारा वाजता आली. हात खडूने पांढरे. मी म्हणालो, "विचारायचं तरी."

"जानेवारीपासून विचारतेच आहे," ती म्हणाली. "तुमचा विषय विचाराधीन होता. सयाजीभाऊंनी जेवणाच्या दिवशीच जागा दाखवली. भाडं नको म्हणाले. फरशीसुद्धा आहे तिथं."

सयाजीने! तालमीत पैलवान घुमायचे ती माडी, तिथे आता पोरे चिमणीची गाणी म्हणणार. पेठेचे काय होणार देव जाणे.

१९ एप्रिल

माणसे यायची बंद झाली. कारण लक्षात येत नव्हते. आज दोघे आले, बसले, पक्षी बघितला, मी पन्हाळ्याच्या टंचाईपर्यंत आलो. मग एकाने हळूच विचारले, "वैनी घरात न्हाईत काय?" मी नाही म्हटले, तर दोघेही उठलेच.

म्हणजे लोक मला भेटायला येत नव्हते? लिहायला लाज वाटते, पण लिहितो. लोक पक्ष्याला बघायला येत होते आणि चहाला थांबत होते. मी मध्ये खुर्चीत होतो, एवढेच.

३ मे

पक्षी आजारी आहे. सकाळी कालिंदी उंबऱ्याबाहेर गेली की बारापर्यंत तिला हाका मारतो, आणि मग स्वतःच्या छातीवरची पिसे उपटतो. पिंजऱ्याखाली पांढरा थर साचलाय. मी समोर बसून "या रावसाहेब" म्हणतो, पेरू देतो, माझे तोंडसुद्धा बघत नाही.

जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी चोच बघितली, पंख बघितले. "रोग काही नाही. एकटं पडलंय. ह्या जातीला सतत सोबत लागते. घरात कुणी नसतं का?"

"मी असतो की."

"तुमच्याशिवाय?"

त्यांची फी पाच रुपये. एवढ्याशा प्रश्नाला जास्तच होती.

१४ मे

आज प्रांतसाहेब पक्षी बघायला आले. महिनाभर मी त्यांना आग्रह करत होतो, आणि आले ते नेमके सकाळी दहाला. मी कालिंदीला काल म्हणालो होतो की उद्या घरी थांब. ती म्हणाली, "पोरांचं उद्या झाडांच्या पानांचं आहे. नाही जमणार." अर्ज नाही, कारण नाही. पानांचं आहे!

पिंजरा उघड्यावर. छातीची पिसे गेलेला काकाकुवा, शर्टाची बटणे तुटलेल्या माणसासारखा. साहेब खुर्चीत बसले. मी मनात म्हणत होतो, बाबा रे, आता तरी म्हण. तुला तीन महिने शिकवले. पक्ष्याने त्यांना न्याहाळले, तुरा उभारला.

"कालिंदी, चहा टाक!"

आतून कोण येणार? तो परत ओरडला.

"कालिंदी! ऐकू येत नाही का? बहिरी झालीस का?"

हे त्याने कधी ऐकले? हे मी कधी म्हणालो? म्हणालो असणार. नाही तर त्याला कोण शिकवणार? पाणी गरम झाले नाही की, कपबशी उशिरा आली की, माणसे बसलेली असली की. मला ते बोलणे वाटायचेच नाही. आज पहिल्यांदा मी समोर बसून मला ऐकले. फार वाईट आवाज आहे माझा.

साहेब हळूच म्हणाले, "आवाज छान पकडलाय."

"पक्ष्याचं काय साहेब, काहीही बोलतं."

"हो. पण मूळ प्रत कुणाची?"

साहेबांनी खुर्ची पिंजऱ्याजवळ ओढली. मग म्हणाले, "आमचा पोपट 'या साहेब, बसा' म्हणतो ना? ते आमच्या हिनं शिकवलेलं. तिचाच आवाज आहे तो. ती गेली, तेवढं राहिलंय. मी मुद्दाम फाटकाबाहेर जाऊन परत आत येतो कधीकधी."

मी उठलो. म्हणालो, चहा करतो. स्वयंपाकघरात गेलो आणि उभाच राहिलो. स्टो कसा पेटवतात? चहाची पूड कुठल्या डब्यात? एका डब्यात हळद निघाली, एकात मेथ्या. साहेब आत आले, शोधून गूळ काढला, स्टोला पंप मारला, आणि प्रांतसाहेबांनी माझ्या घरात मला चहा करून दिला. एकटा राहणारा माणूस सगळे शिकतो, असे म्हणाले.

पक्षी ऐंशी वर्षे जगणार. माझ्यामागे साठ वर्षे ह्या घरात माझा आवाज कालिंदीला बहिरी झालीस का म्हणून विचारणार. ती असो नसो. नंदिनीची मुले येतील, त्यांची मुले येतील, आणि आजोबा कसे होते म्हणून विचारले की पिंजऱ्याकडे बोट दाखवतील. झोप लागत नाही.

१५ मे

सकाळी पिंजरा उचलून तालमीकडे निघालो. पिंजरा जड आहे, त्यात पक्षी वाटभर चहा मागत होता. गल्ली दारांत आली. सयाजी कट्ट्यावर होता. मला वाटले आता कोंबडे म्हणणार. तो उठला, पिंजऱ्याची दुसरी कडी धरली आणि जिन्याने वर चढवू लागला. एवढेच म्हणाला, "जपून तात्या, पायरी मोडकी हाय."

माडीवर पोरे पाने मांडून बसली होती. पिंजऱ्याचे दार उघडल्याबरोबर पक्षी कालिंदीच्या खांद्यावर गेला आणि तिच्या केसांत चोच घालून गप्प झाला. महिन्यात पहिल्यांदा सकाळच्या वेळी गप्प झाला.

मी सगळ्यांदेखत म्हणालो, "सोपा तुझा. फरशी पुढच्या महिन्यात घालतो. पेन्शन आली की घालतो. शाळा घरी आण."

वाटले होते, आनंदेल. ती पक्ष्याच्या उघड्या छातीवरून बोट फिरवत म्हणाली, "नको हो. इथं बरं आहे. इथं मला कुणी आतून हाक मारत नाही."

"मग सोप्याचं काय करू?"

"बसा की. तुमचाच आहे."

पोरांपैकी एका चिमुरडीने मला विचारले, "तुमी काकाकुवाचं आजोबा काय?" मी हो म्हणालो. दुसरा कुठला हुद्दा सांगण्यासारखा नव्हता.

१० जून

शाळा रीतसर सुरू झाली. माडी भरली. पक्षी सकाळी तिच्याबरोबर तालमीत जातो, पिंजरा मी पोचवतो. छातीवर लव आली आहे. "या रावसाहेब" चा विषय निकालात काढला.

ती बाराला दमून येते. आता मी साडेअकरालाच स्टो पेटवायला लागतो, कारण मला अजून वेळ लागतो. तिने कधी सांगितले नाही. मीही विचारले नाही. पहिल्या दिवशी चहात हळदीचा वास होता, ती मुकाट्याने प्यायली. अठ्ठावीस वर्षांत मी एकदाही असा मुकाट्याने प्यायलो नाही हे मला तेव्हा आठवले, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

अडचण एकच आहे. पक्षी घरी आला की खुर्चीच्या पाठीवर चढून अजूनही ओरडतो, "कालिंदी, चहा टाक!" विसरत नाही मेला. बाळासो म्हणतो, ही जात शिकलेले विसरत नसते, त्याच्यावर दुसरे चढवावे लागते. म्हणून तो ओरडला की मी आतून ओरडतो, "आलो, आलो!" आणि चहा घेऊन बाहेर येतो. दिवसातून किती वेळा येतो ते सांगत नाही.

आज कालिंदी सोप्यात पाय पसरून बसली होती, मी आत गूळ फोडत होतो. पक्षी ओरडला, "कालिंदी, चहा टाक!" मी तोंड उघडणार, एवढ्यात बाहेरून माझाच आवाज आला,

"आलो, आलो!"

मी पळत बाहेर आलो. कालिंदी हसत होती. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. जानेवारीनंतर आजच.

साठ वर्षे तो दोन्ही बोलेल. हे ऐकून नंदिनीच्या नातवंडांना कळेल की पणजोबा ओरडायचे, पण उठायचेही.

पक्ष्याचे बरे आहे. तो नुसता "आलो" म्हणतो आणि जागेवरच बसतो. चहा टाकायला मलाच उठावे लागते.